राजापूर मतदारसंघ गेला कुठे? वर्गणीच्या पावतीमागचं गणित

लालबागला आमच्या गावाची एक खोली आहे. दहा बाय बाराची, वर पोटमाळा. गिरण्या चालू होत्या तेव्हा तिथे वीस-बावीस जणांच्या ट्रंका असायच्या आणि माणसं पाळीप्रमाणे आलटून पालटून झोपायची. आता राहायला कुणी नाही. गणपतीच्या आधी गावमंडळाची मीटिंग भरते, तेवढीच तिची उघडझाप. यंदा पोटमाळा साफ करायला घेतला आणि एका गंजलेल्या ट्रंकेतून मतदानाची पिवळी पडलेली चिठ्ठी निघाली. नाव आजोबांच्या चुलतभावाचं, गाव कणकवली तालुक्यातलं, आणि वर छापलेलं: राजापूर लोकसभा मतदारसंघ.

विरारहून आलेला पुतण्या चक्रावला. "काका, राजापूर तर रत्नागिरी जिल्ह्यात. आणि तो विधानसभेचा मतदारसंघ ना? आपण त्यात कसे?"

कोपऱ्यात वर्गणीच्या नोटा मोजत बसलेले आमचे खजिनदार मान वर न करता म्हणाले, "आधी आमचोच होतो तो. मगे खंय गेलो, देवाक ठावक."

देवाला कशाला विचारायचं, जनगणनेला विचारलं तरी कळतं. त्या दिवशी एका कोऱ्या पावतीच्या पाठीवर मी जे मांडून दाखवलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी नावांचा घोळ. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी सगळा रत्नागिरी जिल्हाच. १९५१-५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत या जिल्ह्याचे दोन मतदारसंघ होते, रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण. दोन्ही काँग्रेसने जिंकले. उत्तरेतून निवडून आले ते जगन्नाथराव भोसले, आझाद हिंद सेनेतले जनरल. १९५७ ला पाट्या बदलल्या: वरचा रत्नागिरी झाला, खालचा राजापूर. राजापूर हे नाव तालुक्याचं, पण मतदारसंघ पार खाली वेंगुर्ला-सावंतवाडीपर्यंत. म्हणून कणकवलीतला माणूस राजापूरचा मतदार.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या वणव्यातली. तिचं वर्णन बहुतेक वेळा भाषेचा प्रश्न म्हणून होतं. कोकणात तो पोटाचाही होता, असं मला वाटतं. ज्या घरातला कर्ता परळच्या गिरणीत आहे आणि चूल त्याच्या मनीऑर्डरवर पेटते, त्या घराला 'मुंबई महाराष्ट्रात राहणार की नाही' हा काही दूरचा प्रश्न नव्हता. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने कोकण उभं राहिलं. राजापुरातून प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै निवडून आले, मूळचे वेंगुर्ल्याचे. शेजारच्या रत्नागिरीतून जनसंघाचे, म्हणजे आजच्या भाजपच्या पूर्वजाचे, प्रेमजीभाई आशर. त्या वर्षी अख्ख्या देशात जनसंघाचे चार खासदार झाले. एक बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी आणि एक आपल्या रत्नागिरीचे आशर. ही गोष्ट आज भाजपच्या कार्यकर्त्यांनाही फारशी ठाऊक नसते.

पुढची तीन दशकं राजापूरने जे केलं ते पाहण्यासारखं आहे. १९६२ ला महाराष्ट्रातल्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने घेतल्या. राजापूरने नाथ पै पाठवले. १९७१ ला इंदिरा लाटेत ४५ पैकी ४२ काँग्रेसकडे, राजापूरने प्रा. मधु दंडवते पाठवले. १९८४ ला, इंदिराजींच्या हत्येनंतर, ४८ पैकी ४३. राजापुरात पुन्हा दंडवतेच. राज्य एकीकडे वाहत असताना हा मतदारसंघ काठावर पाय रोवून उभा.

असं का? कोकणी माणूस तिरकाच, हे उत्तर गमतीला ठीक आहे. खरं कारण जमिनीत आहे. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची पकड साखर कारखाना, जिल्हा बँक, दूधसंघ यांच्या साखळीवर होती. ऊस कारखान्यात जाणार, कर्ज सोसायटीतून मिळणार, मग मत कुणाला पडणार हे वेगळं सांगावं लागत नाही. तळकोकणात ऊस कुठे? भाताचे चतकोर कुणगे, काजू, आंबा, आणि बाकी सगळी मदार पोस्टमनवर. गावच्या पुढाऱ्याच्या हातात तुमची नाडी नव्हती, ती मुंबईच्या पगारात होती. आणि तो पगार घेणारा माणूस गिरणगावात लाल बावटा बघत होता, समाजवाद्यांच्या सभा ऐकत होता, पुढे शिवसेनेच्या शाखेत जात होता. त्याची मतं त्याच्या पत्रातून गावी जायची. 'मत कोणाक घालूचा ता मुंबैसून कळवतंय' हे वाक्य मी लहानपणी कितीदा ऐकलं असेल.

आमच्या घरी नाथ पैंच्या भाषणाची आठवण सांगणारी माणसं होती. संसदपटू म्हणून त्यांचं नाव देशभर झालं. १९६७ च्या गोलकनाथ निकालात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांत फेरफार करण्याचा संसदेचा अधिकार नाकारला, तेव्हा तो अधिकार परत मिळावा म्हणून त्यांनी मांडलेलं खासगी विधेयक 'नाथ पै विधेयक' म्हणूनच ओळखलं गेलं. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात त्यांचं निधन झालं. वय अठ्ठेचाळीस. दोनच महिन्यांत निवडणूक होती.

त्यांच्या जागी आलेले दंडवते जन्माने अहमदनगरचे, पेशाने मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे. जातीचं गणित नाही, गावकीचा आधार नाही, तरी १९७१, १९७७, १९८०, १९८४, १९८९ असे सलग पाच वेळा. १९७७ ला जनता सरकारात ते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या नुसत्या लाकडी फळ्यांवर त्यांच्या काळात फोम आला. आज आपण जिला निळी गादी म्हणतो, तिच्यावर बसणाऱ्या प्रत्येकाने त्यांना एकदा नमस्कार करायला हरकत नाही. १९८९ ला विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारात ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. दोघंही कोकण रेल्वेसाठी हटून बसलेले. १९९० ला कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं.

आणि १९९१ ला दंडवते पडले.

काँग्रेसचे सुधीर सावंत, लष्करातून आलेले, निवडून आले. बोगदे अजून खणायचे होते. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला तोवर राजापूरच्या खासदारकीवर तिसरा पक्ष आला होता.

तो पक्ष शिवसेना. १९६६ ला मुंबईत स्थापन झालेली सेना कोकणात गेली ती चाकरमान्याच्या पिशवीतून, असं म्हटलं तर चुकणार नाही. ज्या लालबाग-परळने समाजवाद्यांची मतं गावी पाठवली, त्यानेच पुढे शाखांची पाठवली. मधल्या काळात १९८२ चा गिरणी संप झाला होता, लाल बावट्याचं गिरणगाव मोडलं होतं. संपानंतर गावी परतलेल्या किंवा मुंबईतच अर्ध्या पगारावर अडकलेल्या घरांतली पोरं शाखेत जाऊन बसली. नारायण राणे हे त्या वाटेचं सगळ्यात ठळक उदाहरण. मुंबई महापालिकेत नगरसेवक, 'बेस्ट'चे अध्यक्ष, मग १९९० ला मालवणमधून आमदार, १९९९ ला काही महिने मुख्यमंत्री. लोकसभेला सेनेने १९९६ मध्ये सुरेश प्रभूंना उभं केलं, मुंबईतले चार्टर्ड अकाउंटंट. १९९६, १९९८, १९९९, २००४. चारही वेळा प्रभू.

इथे पुतण्याने मला थांबवलं. "म्हणजे सगळे खासदार मुंबईचेच?" जवळजवळ. दंडवते मुंबईत शिकवणारे, प्रभू मुंबईचे, पुढे आलेले विनायक राऊत मूळचे मालवण तालुक्यातले पण १९९९ ला विलेपार्ल्याचे आमदार. गावात राहून, गावात वाढून थेट दिल्लीला गेलेला माणूस या यादीत शोधावा लागतो.

आता मतदारसंघ गायब कसा झाला ते. पावती पालथी घातली ती इथे.

लोकसभेच्या जागा राज्याला लोकसंख्येवर मिळतात. महाराष्ट्राला १९७१ च्या जनगणनेवरून ४८ मिळाल्या आणि १९७६ च्या घटनादुरुस्तीने हा आकडा गोठवला गेला. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट केलं त्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हा हेतू. पण राज्याच्या आत ४८ जागांच्या सीमा कशा आखायच्या हे २००१ च्या जनगणनेनुसार नव्याने ठरलं. त्यासाठी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग बसला आणि २००८ ला त्याची रचना लागू झाली. भाऊ चार, वाटे चारच; फक्त बांध सरकवायचे. तसंच.

१९७१ ला महाराष्ट्र होता सुमारे ५ कोटी ४ लाखांचा. भागिले ४८, म्हणजे एका खासदारामागे साडेदहा लाख माणसं. तेव्हाचा अखंड रत्नागिरी जिल्हा सुमारे २० लाखांचा. साडेदहाने भागा: १.९. म्हणजे दोन खासदार. ठाणे जिल्हा तेव्हा सुमारे २३ लाख. उत्तर २.२. त्यांनाही दोन.

२००१ ला राज्य ९ कोटी ६९ लाखांचं. एका खासदारामागे आता २० लाख १८ हजार. रत्नागिरी १६ लाख ९७ हजार, सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजार, दोन्ही मिळून २५ लाख ६६ हजार. भागाकार: १.२७. आणि ठाणे जिल्हा (पालघर तेव्हा त्यातच होता) ८१ लाख. भागाकार: ४.०३.

खोलीत कुणी काही बोललं नाही. खजिनदारांचं नोटा मोजणंसुद्धा थांबलं.

ठाण्याला आधी ठाणे आणि डहाणू असे दोन मतदारसंघ होते, शिवाय वसईकडचा भाग उत्तर मुंबईला जोडलेला. नव्या रचनेत पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे असे चार झाले. मुंबईचे सहा होते, सहाच राहिले. कारण चाकरमानी आता मुंबईत उरलाच कुठे होता? लालबागची खोली सोडून तो विरार, डोंबिवली, दिवा, बदलापूरला गेला होता. गावाहून निघालेला माणूस दहिसर आणि मुलुंडच्या पलीकडे जाऊन स्थिरावला, आणि जाताना स्वतःच्या वाट्याचा खासदार बरोबर घेऊन गेला. पुतण्या विरारला, म्हणजे पालघर मतदारसंघात. मी डोंबिवलीला, म्हणजे कल्याण मतदारसंघात, जो आधीच्या रचनेत नव्हताच. राजापूरचे तुकडे आमच्याच खिशात आहेत.

वरच्या ०.२७ चं काय झालं? तो पूर्णांक नव्हता म्हणून वाया गेला नाही. विधानसभेच्या २८८ जागा, एका आमदारामागे २००१ च्या हिशेबाने ३ लाख ३६ हजार. सिंधुदुर्गाला २.६, म्हणजे तीन. पूर्वी मालवण, देवगड, सावंतवाडी, वेंगुर्ला असे चार होते, ते कणकवली, कुडाळ, सावंतवाडी असे तीन झाले. ज्या मालवणातून राणे पहिल्यांदा आमदार झाले तो मतदारसंघ कुडाळात विरघळला. रत्नागिरीला ५.०४, म्हणजे पाच. एकूण आठ. लोकसभेच्या एका जागेत सहा बसतात. मग चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या सहांचा 'रत्नागिरी-सिंधुदुर्ग' झाला आणि उरलेले दापोली, गुहागर रायगडला जोडले गेले. दापोलीकरांचा खासदार आज पेण-अलिबागच्या मतांवरही ठरतो तो यामुळे.

नव्या मतदारसंघाची पहिली निवडणूक २००९ ची. राणे २००५ ला सेना सोडून काँग्रेसमध्ये गेले होते. त्यांचे चिरंजीव निलेश राणे काँग्रेसकडून उभे राहिले आणि सुरेश प्रभूंना सुमारे ४७ हजारांनी हरवलं. २०१४ ला सेनेच्या विनायक राऊतांनी निलेश राण्यांना दीड लाखाने पाडलं. २०१९ ला पुन्हा तेच दोघं, फरक पावणेदोन लाखांच्या वर. त्या निवडणुकीआधी, मार्च २०१९ मध्ये, नाणार रिफायनरीच्या भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली होती. जैतापूरची अणुभट्टी, नाणार, मग बारसू. या पट्ट्यात प्रकल्प येतो म्हटलं की आधी गावात भांडण लागतं आणि मग मुंबई मंडळात. एक गट म्हणतो पोरांना गावात नोकरी लागेल, दुसरा म्हणतो आंबा जळेल. दोघांनाही मी चुकीचं म्हणू शकलेलो नाही.

२०२४ ला सेना फुटलेली, भाजपने जागा स्वतःकडे घेतली आणि खुद्द नारायण राणे कमळावर उतरले, समोर मशाल घेऊन राऊत. राणे ४७,८५८ मतांनी जिंकले. हा आकडा उघडून पाहिला तर आत जुना नकाशा दिसतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिन्ही विधानसभा क्षेत्रांत राऊत पुढे होते, सिंधुदुर्गातल्या तिन्हींत राणे. ती तूट भरून वर जे उरलं तो विजय. म्हणजे कागदावर मतदारसंघ एक झाला, मतदान अजून दोन जिल्ह्यांसारखंच होतं. तळकोकणातून भाजपचा हा पहिला खासदार, असं तेव्हा सगळीकडे म्हटलं गेलं. बरोबरच आहे, फक्त १९५७ च्या आशरांचा जनसंघी दिवा आठवणाऱ्याने किंचित हसून घ्यावं.

एक गोष्ट राहिली, आणि मीटिंगमध्ये आवाज चढला तो तिच्यावरूनच. आपलं नाव कुठल्या यादीत असावं?

२०२४ ला रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान ७ मे ला होतं, मुंबई-ठाण्याचं २० मे ला. २०१९ ला २३ आणि २९ एप्रिल. तारखा वेगळ्या, हंगाम आंब्याचा, मुलांना सुट्टी. आदल्या रात्री दादर-परळहून गाड्या भरून सुटतात हे कुणाला सांगायला नको. पण कायदा साधा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० म्हणतो, एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात. आणि ते जिथे तो 'सर्वसाधारणपणे राहतो' तिथे. त्याच कायद्यात पुढे स्पष्ट लिहिलंय की केवळ घर मालकीचं किंवा ताब्यात आहे म्हणून माणूस तिथे राहतो असं मानलं जाणार नाही. वर्षातून गणपती, शिमगा आणि मे मिळून पंधरा-वीस दिवस जाणाऱ्याचं घर गावी असतं, राहणं नसतं. नाव नोंदवताना जाणूनबुजून खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नाव हलवायचं तर फॉर्म ८ भरायचा.

"मगे गावच्या सातबाऱ्यावर नाव आसा ता?" एक आजोबा चिडले. आजोबा, सातबारा जमिनीचा. मतदार यादी माणसाची. त्यांना ते पटलं नाही, आणि त्यांचा राग मला कळतो. पण गावी कायमची राहते ती आमची काकी. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०३६. ७ मे च्या उन्हात मराठी शाळेसमोर रांगेत उभी राहते ती. पूर्वी तिला मुंबईहून पत्र यायचं. हल्ली ती फोनवर एवढंच सांगते, "घातलंय मत," आणि कोणाला ते सांगत नाही.

जाता जाता पुतण्याने विचारलं, पुढे काय? गोठवलेला आकडा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतचा आहे. त्यानंतर राज्याच्या एकूण जागाच बदलू शकतात, म्हणून भाकीत करण्यात अर्थ नाही. पण पावतीवर जागा शिल्लक होती. २०११ चे आकडे घातले आणि जागा तेवढ्याच धरल्या: रत्नागिरी-सिंधुदुर्ग मिळून २४ लाख ६५ हजार, म्हणजे दहा वर्षांत लाखभर कमी. एका खासदारामागे २३ लाख ४१ हजार. भागाकार १.०५. एका आमदारामागे ३ लाख ९० हजार. रत्नागिरी ४.१. सिंधुदुर्ग २.२.

"म्हणजे तिनाचे दोन?"

मी पेन ठेवलं. खजिनदारांनी हात पुढे करून पावती मागितली, दोन्ही बाजूंनी पाहिली, चष्मा कपाळावर सरकवला. "ह्या पावतीक नंबर आसा," ते म्हणाले. "उद्या हिशेबाक मिया काय दाखवू? समोरच्या बाजूक रद्द म्हणून लिवन सही कर."

मी सही केली.